पोच दिली आहे

माझ्या पाळणाघराच्या करारपत्रात अकरा कलमं आहेत आणि ती सगळी मी स्वतः लिहिली आहेत, हे मी येणाऱ्या प्रत्येक आईबापाला दोनदा सांगते. त्यातलं सातवं माझं लाडकं. 'मूल काढून घ्यायचे असल्यास पालकांनी एक महिना आधी लेखी सूचना द्यावी. रोजच्या वहीत लिहून दिली तरी चालेल, मात्र तिची पोच घ्यावी. अशी सूचना मिळाल्यास अनामत रक्कम शेवटच्या महिन्याच्या फीमध्ये वळती केली जाईल. न मिळाल्यास अनामत परत मिळणार नाही. तोंडी सूचना ग्राह्य धरली जाणार नाही.' 'ग्राह्य' हा शब्द लिहून झाल्यावर मी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. आमचे हे म्हणाले, "आपल्या लग्नाच्या फोटोकडेही तू कधी एवढं बघितलं नाहीस."

'ग्राह्य' माझ्याकडे आला तो कचेरीतून. बावीस वर्षं मी आवक-जावकच्या टेबलावर होते. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी माझ्यासमोर यायचा. मी त्यावर शिक्का मारायचे, नोंदवहीत क्रमांक टाकायचे आणि आणणाऱ्याच्या प्रतीवर 'पोच' असं लिहून सही-तारीख करून द्यायचे. म्हणजे कागद पोचला, पुढचं आम्ही बघू. कागद वाचणं हे माझं काम नव्हतं. त्यासाठी आत साहेब बसवले होते. ते वाचायचे की नाही ते त्यांचं त्यांना माहीत. दिवसाला दीडशे-दोनशे कागद माझ्या हाताखालून जायचे आणि त्यातलं एक अक्षरही माझ्या डोक्यात शिरायचं नाही, याचा मला चक्क गर्व होता. वाचत बसलं की रांग दारापर्यंत जाते. माझी कधी गेली नाही.

पुढे सगळा कारभार संगणकावर गेला आणि टेबलाबरोबर मलाही हलवलं. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, बाईंनी बावीस वर्षांत एकही कागद हरवला नाही. खरंच आहे ते. घरी येताना मी एक स्टेपलर आणि सही करायची सवय एवढंच बरोबर आणलं.

पाळणाघर काढण्यामागे काही थोर विचार नव्हता. पुढची खोली रिकामी होती, मी रिकामी होते आणि समोरच्या इमारतीतल्या दोघीजणी कामावर जाताना मूल कुठे ठेवायचं म्हणून रडकुंडीला आल्या होत्या. पाच मुलं, पाच गाद्या, दाराशी पाच खणांचा चपलांचा कप्पा आणि प्रत्येक मुलाची एक वही. सकाळी पालक वहीत लिहिणार: रात्री झोप कशी झाली, औषध किती वाजता द्यायचं. संध्याकाळी मी लिहिणार: काय खाल्लं, किती झोपलं, कोणाला चावलं. आणि पालकांच्या प्रत्येक नोंदीखाली माझी पोच, सही, तारीख. "किती पद्धतशीर आहात हो मावशी!" असं कोणी म्हणालं की मी मान खाली घालून हसायचे आणि मनातल्या मनात स्वतःला बढती द्यायचे.

सातव्या कलमाचं नशीब मात्र फुटकं. एका मास्तरांनी सोमवारी मुलगा आणलाच नाही. गुरुवारी मला भाजी घेताना कळलं की ते बिऱ्हाड हलवून गेले. विमा विकणाऱ्या एका बापाने फोनवर सांगितलं, "उद्यापासून येणार नाही, अचानक ठरलं हो." हाच माणूस मला आयुष्यात काय अचानक होईल सांगता येत नाही, म्हणून विमा विकत होता. दोघेही नंतर अनामत मागायला आले. आलेल्या माणसाला मी आधी चहा करते आणि चहा संपेपर्यंत पाघळते. दोघांनाही पैसे परत दिले. विमावाल्याला तर वर मुलाचा राहिलेला टॉवेलही धुऊन, इस्त्री करून दिला. हे म्हणाले, "तुझं सातवं कलम म्हणजे फाटकावरची 'कुत्र्यापासून सावध' पाटी. आत कुत्रा कुठे आहे?"

हे चष्म्याच्या दुकानात काम करतात. काचा घासून फ्रेममध्ये बसवणं हे त्यांचं काम. मला त्यांनी एकामागून एक तीन चष्मे करून दिले. तिन्ही कपाटावर, डब्यात. मुलं चष्मा ओढतात, ही सबब मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे चष्म्यात मी माझ्या सासूबाईंसारखी दिसते. त्यामुळे वही हातभर लांब धरायची, पहिली ओळ अंदाजाने वाचायची आणि खाली सही ठोकायची, असं माझं चाललं होतं.

अशा या सुव्यवस्थित संस्थेत इन्स्पेक्टर दाखल झाली तेव्हा ती अडीच वर्षांची होती. नाव वेगळं आहे, पण पहिल्याच दिवशी तिने कप्प्यातल्या सगळ्यांच्या चपला काढून "ही कोणाची? ही कोणाची?" अशी चौकशी केली, तेव्हापासून ती इन्स्पेक्टर. डावी उजवीकडे गेलेली तिला खपायची नाही. कुठलाही बदल खपायचा नाही. एकदा मी हौसेने तो कप्पा दाराच्या या बाजूने त्या बाजूला लावला, तर बाई दोन दिवस उंबऱ्याच्या आत यायला तयार होईना. शेवटी मी तिच्याबरोबर उंबऱ्यावर बसले आणि कप्प्याला तिकडे ऊन लागत होतं, त्याला इकडे बरं वाटतं, असं काहीबाही अर्धा तास समजावलं. तेव्हा कुठे तिने कप्प्याच्या पाठीवर थोपटलं आणि आत आली.

तिची आई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. वडील नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी. महिन्यातून एकदा यायचे. आई मोजकं बोलणारी, पण वहीत मोकळी व्हायची. बारीक, सरळ, मुंग्यांच्या रांगेसारखं अक्षर. 'खोकला कमी. नाक उजवीकडून वाहते.' अकराच्या अकरा कलमं पाळणारी माझ्या हयातीतली ती एकटी पालक. उशीर झाला तर जादा वेळेचे पैसे न मागता द्यायची. मी तिला 'अगं' म्हणायचे, ती मला 'मावशी'. मी कोणावर रागावले की 'तुम्ही'वर येते. तिच्यावर ती वेळ कधी आली नव्हती.

इन्स्पेक्टर चार वर्षांची झाली त्या सुमाराला तिने एक नवीन टुमणं लावलं. दुपारी बाकीची झोपली की माझ्या मांडीशी यायची आणि दबक्या आवाजात विचारायची, "मावशी, गोष्ट आज सांगणार?"

मी खूश. माझ्या गोष्टी कोणी मागून घेतल्याचं हे पहिलंच उदाहरण. मी तिला चप्पल हरवलेल्या हत्तीची गोष्ट सांगितली. तिने टक लावून ऐकली. संपल्यावर म्हणाली, "झाली?"

"झाली."

"ही ती नाही."

दुसऱ्या दिवशी बोलणाऱ्या किटलीची सांगितली. "ही ती नाही." तिसऱ्या दिवशी छत्रीत राहणाऱ्या उंदराची. ही पण ती नाही. मला ते लागायला लागलं. मी ह्यांच्याकडे तक्रार केली. हे म्हणाले, "तुझ्या गोष्टींना शेवट नसतो. हत्तीला चप्पल सापडली का शेवटी?" मग मी इरेला पेटले. आवाज काढले, पळी तोंडाला लावून तुतारी वाजवली, उंदराच्या लग्नात स्वतः नाचले. एकदा तर दोन झोपलेली मुलं दचकून उठून रडायला लागली. इन्स्पेक्टर शांतपणे बघत होती. नाच संपल्यावर तिने माझा पदर सारखा केला आणि म्हणाली, "उद्या सांगशील?"

मधेच एकदा तिच्या आईने वहीत लिहिलं, 'गोष्ट सुरू केलीत का?' एकच ओळ होती, ठळक होती, म्हणून ती मी वाचली. आईलाही माझ्या गोष्टींची खबर आहे हे बघून ऊर भरून आला. मी खाली लिहिलं, 'हो. रोज सांगते. मन लावून ऐकते.'

महिना असाच गेला. शेवटच्या आठवड्यातल्या बुधवारी आई न्यायला आली, लेकीच्या चपला घातल्या आणि मला म्हणाली, "मावशी, परवा शुक्रवारी शेवटचा दिवस. हिशेब करून ठेवाल ना?"

मला क्षणभर काही समजेना. मग समजलं आणि डोक्यात एकदम प्रकाश पडला. मास्तर गेले, विमावाला गेला, पण ही! अकरा कलमं पाळणारी ही सुद्धा? बरं वाटलं नाही. पण आत कुठेतरी दबा धरून बसलेली आवक-जावकची बाई खडबडून उठली. दहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात अगदी स्वच्छ प्रकरण आलं होतं. जप्त झालेल्या अनामतीतून मी तिथल्या तिथे पाच नव्या गाद्या घेऊनही टाकल्या. खोळींचा रंग निळा.

"हे बघा," मी म्हणाले. 'तुम्ही' आलं होतं. "असं दोन दिवस आधी सांगून चालत नाही. माझ्या करारात स्पष्ट लिहिलंय. एक महिना आधी, आणि लेखी. तोंडी सूचना ग्राह्य धरली जात नाही." 'ग्राह्य' मोठ्याने म्हणायची संधी मला आयुष्यात प्रथमच मिळत होती, मी ते दोनदा म्हटलं. "मी कोणाचंही मूल दोन वर्षं हातावर वाढवते आणि माणसं मला दोन दिवसांची सुद्धा किंमत देत नाहीत. अनामत मिळणार नाही. मला वाईट वाटतं, पण नियम म्हणजे नियम."

तिने माझं सगळं ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, गोंधळ होता. तिने पिशवीतून वही काढली, मागे मागे पानं उलटली आणि एक पान माझ्यासमोर धरलं.

"मी लेखी दिलंय मावशी. तुम्ही पोच दिलीय."

मी वही हातभर लांब धरली. मुंग्या. आणखी लांब धरली. शेवटी आतून हे आले, कपाटावरचा डबा काढला आणि माझ्या नाकावर चष्मा चढवला.

'खोकला आता नाही. रात्री एकदा उठली, पाणी प्यायली. कलम सातप्रमाणे सूचना देत आहे. या महिनाअखेर आम्ही तिच्या वडिलांकडे कायमचे राहायला जात आहोत. तिला अजून सांगितलेले नाही. मी सांगायला गेले की माझाच आवाज बसतो. तुमचे ती ऐकते. कप्पा हलवला तेव्हा तुम्हीच तिला समजावले होते. महिनाभर थोडे थोडे करून तुम्ही सांगाल का? मी तिला एवढेच म्हटले आहे की मावशी तुला एक गोष्ट सांगणार आहेत.'

खाली 'पोच'. माझी सही. तारीख. आणि सहीखाली झोकात ओढलेली रेघ.

ती सकाळ मला आठवली. एकाने चपला पाण्याच्या बादलीत टाकल्या होत्या, दुसरा ओकला होता, आणि मी पाचही वह्या ओट्यावर ओळीने मांडून एका दमात सह्या केल्या होत्या. 'खोकला' एवढं दिसलं होतं. पुढचं सगळं मी आत बसलेल्या साहेबांसाठी सोडून दिलं असणार.

"मी रोज संध्याकाळी ते पान उघडायचे," आई म्हणाली. "तुमचं ते उत्तर, रोज सांगते, मन लावून ऐकते. तेवढं वाचलं की बरं वाटायचं. ती घरी काहीच विचारत नव्हती. मला वाटलं, मावशींनी किती छान सांगितलं असेल." मग तिने हळूच विचारलं, "काय सांगत होतात तुम्ही?"

"हत्तीची चप्पल," मी म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पैशाचं सोडा, त्यात कोणाचंच काही बुडणार नव्हतं. पण ज्या मुलीला कप्पा एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीशी नेला तर दोन दिवस लागतात, तिच्याजवळ घर, गाव आणि मला सोडायला आता दोनच दुपारी होत्या. महिनाभर ती रोज मांडीशी येऊन मागत होती आणि मी तिच्यासमोर पळी वाजवत होते. "तू काळजी करू नकोस," मी आईला म्हणाले. "मी सांगते तिला. मीच सांगते." माझं 'तू' परत आलं होतं, फार खालच्या आवाजात.

रात्री जेवताना ह्यांनी इतकंच म्हटलं, "रोज पाच ठिकाणी पोच देतेस. तुला स्वतःला काही पोच आहे का गं?" एरवी मी ताट सरकवून उठले असते. त्या दिवशी मी त्यांना आणखी एक पोळी वाढली.

गुरुवारी दुपारी इन्स्पेक्टर आली. "मावशी, गोष्ट आज सांगणार?"

"हो, आज सांगणार," मी म्हणाले. "एक मुलगी होती. ती खूप शहाणी होती. आणि एके दिवशी तिला..." इथवर आले आणि तिने माझ्याकडे असं बघितलं, की त्या मुलीला एकदम एक हत्ती भेटला. मग काय, हत्तीबरोबर त्याची चप्पल आलीच. तिने सगळं ऐकून घेतलं. "ही ती नाही," ती म्हणाली आणि गादीवर जाऊन पाठ करून झोपली. आईचा आवाज बसतो म्हणून तिने काम माझ्यावर सोपवलं होतं. तिला काय ठाऊक, माझा आवाज नको तिथे चालू राहतो.

शुक्रवारी मी सकाळपासून चष्मा लावला. मुलांनी ओढला नाही. नुसती घाबरून बघत होती. सासूबाईंचा हा प्रभाव मला आधीच ठाऊक होता. दुपारी बाकीची झोपल्यावर मी इन्स्पेक्टरला घेऊन दाराशी, चपलांच्या कप्प्याजवळ जाऊन बसले. तिने काही विचारायच्या आत सुरुवात केली.

"आज इथला तुझा शेवटचा दिवस आहे. उद्या तू आणि आई बाबांच्या घरी जाणार. मग तुम्ही तिघं तिथेच राहणार. तिथे दुसरं पाळणाघर असेल, दुसरी मावशी असेल. मी इथेच राहणार. मला तुझी खूप आठवण येणार."

तिची मान जराही हलली नाही. समोरच्या जिन्यावर कोणीतरी कचऱ्याची बादली आपटत नेली. इन्स्पेक्टरने तिकडे बघितलंही नाही.

"ही ती," ती म्हणाली.

"हो. ही ती."

"मग इतके दिवस का नाही सांगितलीस?"

बावीस वर्षांत कुठल्याही साहेबाने मला असं उभं केलं नव्हतं. "मला माहीत नव्हती," मी म्हणाले. "आईने वहीत लिहून दिली होती. मी वाचलंच नाही."

"का?"

"चष्मा लावला नव्हता."

तिने माझ्या चष्म्याकडे बघितलं. "मग लावायचा ना," म्हणाली, आणि तिचा ओठ वाकडा झाला. ती रडली, मीही रडले. चष्म्याच्या काचा धुरकटल्या आणि त्या पुसायला तिनेच तिच्या फ्रॉकचं टोक पुढे केलं. मग तिने प्रश्न विचारले. दुसरी मावशी कुठे झोपते? तिला कप्पा आहे का? माझ्या खणात आता कोणाच्या चपला? खणाबद्दल मी खोटं बोलले नाही. येईल कोणीतरी, म्हणाले. तिने खणातल्या आपल्या चपला बाहेर काढल्या आणि हात घालून आतली धूळ झाडली. पुढच्या माणसाला घाण जागा मिळू नये, असं तिच्या मनात असावं.

संध्याकाळी आई आली. हिशेब दोन मिनिटांत झाला. अनामत शेवटच्या महिन्यात वळती, देणंघेणं शून्य, फक्त दोन दिवसांच्या जादा वेळेचे पैसे निघत होते. मी ते सोडून द्यायला निघाले. "नाही मावशी, कलम नऊ," असं म्हणून तिने ते मोजून माझ्या हातात ठेवले. मी मुकाट्याने घेतले. तेवढी शिक्षा मला हवीच होती.

मग मी वहीत शेवटची नोंद लिहिली. 'दूध सगळे प्यायली. झोपली नाही. गोष्ट आज सांगितली. आधी सांगायला हवी होती, चूक माझी.' वही मिटून आईच्या हातात देणार, तोच इन्स्पेक्टरने माझा हात धरला.

"काय लिहिलंस?"

मी तिला ते सगळं वाचून दाखवलं, अक्षर न् अक्षर. तिने लक्ष देऊन ऐकलं. 'चूक माझी' तिने परत एकदा वाचायला लावलं. मग माझ्या हातातलं पेन घेतलं, जमिनीवर बसली, आणि माझ्या नोंदीखाली, जिथे मी रोज तिच्या आईच्या नोंदीखाली सही करायचे अगदी तिथे, जीभ बाहेर काढून एक वेडीवाकडी गाठ काढली. तिच्याखाली एक रेघही ओढली.

"हे काय गं?" आईने विचारलं.

"पोच," ती म्हणाली. "मी सगळं ऐकलं."